पिक-अप गाडीचे मागील ब्रेक वारंवार का बिघडतात?

बेळगावच्या बाजारातून निघालेली भाजी चोर्ला घाट उतरून गोव्यात येते आणि किनाऱ्यावरील मासळी घाट चढून वर जाते. या देवाणघेवाणीचा बराच भार लहान पिक-अप गाड्या वाहतात. त्यांपैकी अनेक गाड्या जुन्या असून त्यांच्या मागील चाकांना ड्रम पद्धतीचे ब्रेक असतात. या ब्रेकविषयी मालकांची तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. नवे लायनर घातले, चार-सहा आठवडे गाडी बरी चालली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! मग पुन्हा लायनर बदलले जातात, पुन्हा खर्च होतो, आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

याचे कारण असे की, लायनर खराब होणे हा पुष्कळदा मूळ रोग नसून रोगाचे लक्षण असते. ड्रमच्या आत तेल कोठून आले, शू मोकळा का होत नाही, ड्रमचा आकार बिघडला आहे काय, या प्रश्नांची उत्तरे न शोधता केवळ लायनर बदलणे म्हणजे छप्पर गळत असता जमीन पुसत बसण्यासारखे आहे.

रचना आणि कार्य

चालकाने पायपट्टी दाबली म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. पोलादी नळ्यांतून आणि रबरी होजमधून तो दाब चाकातील व्हील सिलिंडरपर्यंत जातो. तेथील दोन लहान दट्टे बाहेर सरकून अर्धचंद्राकृती शूंना फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दाबतात. पाय उचलताच स्प्रिंगा शूंना मागे ओढून घेतात. शाळेतील शिक्षकांना हा नियम निरनिराळ्या जाडीच्या दोन प्लास्टिक पिचकाऱ्या आणि एक बारीक नळी घेऊन वर्गात सहज दाखविता येईल. त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा राहू दिला, म्हणजे पायपट्टी ‘मऊ’ का लागते हेही विद्यार्थ्यांच्या बोटांनाच समजेल.

ड्रम ब्रेकचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने रेटला जाणारा शू घर्षणामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. त्यामुळे थोड्या जोरात मोठे काम होते. परंतु याच गुणामुळे लायनरवरील घर्षणात किंचित फरक पडला तरी ब्रेकच्या शक्तीत मोठा फरक पडतो. एका चाकात तेलाचा अंश गेला की दोन्ही बाजूंचे संतुलन बिघडते. एक चाक घट्ट धरते, दुसरे घसरत राहते आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागील भाग आडवा जाऊ लागतो.

ब्रेकवर पडणाऱ्या भाराची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. मालासह अडीच टन वजनाची गाडी पाचशे मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा सुमारे सव्वा कोटी ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. तेवढ्या उष्णतेने चाळीस लिटर साधे पाणी उकळीस येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये उतरल्यास जवळजवळ सारा भार ब्रेकवर येतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, पायपट्टी खोल जाते आणि तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते. डिझेल वाचविण्याच्या हेतूने उतारावर इंजिन बंद करणे तर सर्वस्वी धोक्याचे होय. ज्या गाड्यांत निर्वात बूस्टर आहे, तेथे साठलेला निर्वात दोन-चार वेळा ब्रेक दाबताच संपतो आणि पायपट्टी दगडासारखी कठीण होते.

उघडण्यापूर्वी पायाने परीक्षा

चाक काढण्याची घाई करू नये. पायपट्टीच बरेच काही सांगते. पहिल्या दाबाला ती खोल जाते व लागोपाठ दुसऱ्या दाबाला वर येते, तर शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढलेले असण्याचा संभव अधिक. दाबल्यावर ती स्पंजासारखी मऊ लागली तर नळ्यांत हवा आहे. पाय स्थिर ठेवला असता ती हळूहळू खाली बसत असेल, तर कोठेतरी गळती आहे अथवा मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत दाब सोडत आहे. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढूच नये. पायपट्टी कठीण आहे पण गाडी थांबत नाही, असे असेल तर बूस्टर पाहावा किंवा लायनर तेलाने अथवा अतिउष्णतेने गुळगुळीत झाले आहेत असे समजावे. थांबताना पायपट्टी लयीत वर-खाली हलत असेल तर ड्रम वर्तुळाकार राहिलेला नाही. हा ड्रम मागील चाकाचाच आहे काय हे ओळखण्यासाठी मोकळ्या, सपाट जागी अगदी सावकाश चालत असता हँडब्रेक हलकेच ओढून पाहावा. तीच लय जाणवली तर दोष मागे आहे. मात्र अगदी जुन्या जीप पद्धतीच्या गाड्यांत हँडब्रेक मागील चाकांत नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. तेथे ही परीक्षा लागू पडत नाही.

ड्रममध्ये तेल: खरे मूळ कोठे?

वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ड्रम काढल्यावर आत ओल दिसली, तर ती पुसून टाकण्यापूर्वी ते द्रव्य कोणते हे ठरवावे. ब्रेक ऑइल पातळ असते व पाण्यात मिसळून जाते. डिफरन्शिअलमधील गिअर ऑइल दाट, चिकट, उग्र गंधकी वासाचे असून पाण्यावर तरंगते. वाटीभर पाण्यात एक थेंब टाकला की संशय फिटतो. या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेवर पुढील सारी दुरुस्ती अवलंबून आहे.

ब्रेक ऑइल आढळल्यास व्हील सिलिंडरचे रबरी झाकण हळूच उचलून पाहावे. झाकणामागे किंचित दमटपणा असणे चालते. थेंब ओघळत असतील तर आतील रबर कप झिजले आहेत किंवा सिलिंडरच्या नळकांड्यात गंजाचे खड्डे पडले आहेत. येथे नेहमीची चूक अशी होते की, खड्डे पडलेल्या सिलिंडरात नवे रबर किट बसविले जाते. खड्ड्याची कड त्या रबराला महिना-दोन महिन्यांत कापते आणि गळती परत येते. पॉलिश कागदाने घासून खोल खड्डे जात नाहीत. घासल्याने व्यास वाढतो व रबर सैल बसते. असे सिलिंडर पूर्ण बदलणेच अंती स्वस्त पडते.

द्रव्य गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचे ऑइल सील फुटले, एवढेच बोलून मेकॅनिक नवे सील बसवितो. तेही काही दिवसांत पाझरू लागते आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. वास्तविक तीन गोष्टी पाहावयास हव्यात. पहिली म्हणजे ॲक्सलच्या नळीवरील श्वासछिद्र, ज्याला गॅरेजमध्ये ब्रीदर म्हणतात. गाडी चालू लागली की ॲक्सल तापतो, आतील हवा प्रसरण पावते व या छिद्रावाटे बाहेर पडते. लाल मातीच्या चिखलाने छिद्र बुजले, तर त्या हवेला बाहेर पडण्यास सीलच्या ओठाखेरीज वाट उरत नाही, आणि हवेबरोबर तेलही ड्रममध्ये येते. तार घालून किंवा खोलून धुऊन हे छिद्र मोकळे करण्यास काही मिनिटे पुरतात. तेवढे न केल्यामुळे किती सील, लायनर आणि दिवसांची मजुरी वाया गेली याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. दुसरी गोष्ट, सीलचा ओठ ज्या जागी फिरतो तेथे शाफ्टवर पडलेली खाच. नखाला खाच लागली तर नवे सीलही तेथे नीट बसणार नाही. तिसरी, बेअरिंगमधील ढिलाई. चाक वर-खाली हलवून पाहता ते खेळत असेल, तर डगमगत्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही. याखेरीज डिफरन्शिअलमध्ये भरणछिद्राच्या कडेहून अधिक तेल भरले गेले असेल, तर तेही बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा तप्त ॲक्सल एकाएकी थंड होतो व आत पाणी खेचून घेतो. अशा वेळी तेल दुधाळ दिसते. ते बदलल्याशिवाय बेअरिंग वाचत नाही.

तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर भाजून पुन्हा वापरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. सच्छिद्र लायनरमध्ये शिरलेले तेल वरवर सुकते, पण ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. घाटाच्या मध्यावर, नेमका गरज असता, ब्रेक दगा देतो तो असा. लायनर बदलताना दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एका बाजूचे जुने व दुसऱ्या बाजूचे नवे ठेवल्यास असमतोल कायम राहतो.

ब्रेक धरून राहणे

दुसरी तक्रार याच्या उलट असते. पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही, चाक तापते, जळका वास येतो, गाडी ओढ घेत नाही आणि डिझेल अधिक लागते. तापलेल्या ड्रमला हात लावू नये. पाण्याचे दोन थेंब टाकले की चाकाचाकांतील फरक कळतो.

मूळ शोधण्याचा क्रम असा. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड अथवा लाकडी ठोकळे लावून मागील चाक उचलावे व ॲक्सलखाली पक्का आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. चाक अडकलेल्या स्थितीत व्हील सिलिंडरचे निपल किंचित सैल करावे. तेलाची चिळकांडी उडून चाक तत्काळ मोकळे झाले, तर तेल दाबाखाली अडकून पडले होते. शू, स्प्रिंगा निर्दोष आहेत. निपल सोडूनही चाक अडकलेलेच राहिले, तर दोष यांत्रिक आहे. स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, दट्टा गंजून अडकला असेल किंवा हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात जाम झाली असेल. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत केबल फार लवकर गंजते. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून थेट ॲक्सलवर ठिबकत असल्याने केबलच काय, ब्रेकच्या पोलादी नळ्यासुद्धा कुरतडल्या जातात. माल उतरविल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुण्याची सवय अशा मालकांनी अवश्य लावून घ्यावी.

दाब अडकत असेल तर पुढची पायरी चासीस व ॲक्सल यांना जोडणारा रबरी होज ही होय. पायपट्टी दाबून सोडावी आणि होजच्या वरील बाजूचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडील सांधा सैल करावा. चाके सुटली तर अडथळा वर आहे. पायपट्टीला आवश्यक ती मोकळी चाल नसेल किंवा मास्टर सिलिंडरचे परतीचे सूक्ष्म छिद्र बुजले असेल. वरचा सांधा सोडूनही चाके अडकून राहिली आणि निपल सोडताच मोकळी झाली, तर होज आतून फुगून चोंदला आहे. बाहेरून असा होज अगदी नव्यासारखा दिसू शकतो, म्हणूनच त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पण स्प्रिंगांच्या अल्प जोराने ते परत येऊ शकत नाही. ही परीक्षा झाल्यावर नळ्यांतील हवा काढणे ओघानेच आले.

शूच्या बाजूच्या कडा ज्या उंचवट्यांवर सरकतात, त्या मागील प्लेटवरील जागाही पाहाव्यात. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे खाचा पडतात व शू त्यांत अडकतो. तेथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी अल्प लावावे. ते लायनरवर येता कामा नये.

पाटे वाढविले आणि ब्रेक कमी झाला

काही पिक-अप गाड्यांत चासीसवर एक झडप असून तिचा दांडा मागील ॲक्सलला जोडलेला असतो. हौद्यात भार पडला की पाटे दबतात, दांडा हलतो व झडप मागील ब्रेकला अधिक दाब देते. गाडी रिकामी असता दाब कमी होतो. यामागील कारण उघड आहे. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते, आणि रिकाम्या पिक-अपचा मागील भाग आधीच हलका असल्याने पूर्ण दाब मिळाल्यास मागील चाके जागीच अडकून घसरतात.

आता अधिक माल घेता यावा म्हणून मालक एक-दोन पाटे वाढवितात. भार पूर्वीचाच असला तरी पाटे आता पूर्वीइतके दबत नाहीत. झडपेला गाडी रिकामीच वाटते व ती मागील ब्रेकला दाब कमी देते. मालकाचा अनुभव असा की लायनर नवे, सिलिंडर नवे, तरी भरलेली गाडी थांबत नाही. मग कोणी दांडा तारेने वर बांधून टाकतो. भरलेली गाडी थांबू लागते खरी, पण परतीच्या वाटेवर, रिकामी असता, पावसात तीच गाडी गिरकी घेते. येथे दोष ब्रेकचा नाहीच. पाटे मूळ संख्येइतके ठेवणे, दांड्याची लांबी निर्मात्याच्या मापानुसार लावणे आणि नोंदणी पुस्तकात दर्शविलेल्या वजनाहून अधिक माल न भरणे, हाच त्यावर उपाय.

ड्रम, शू आणि समायोजन

ड्रमवर त्याचा कमाल व्यास बहुधा कोरलेला असतो. लेथवर घासून व्यास त्याहून मोठा झाला असेल तर ड्रम बाद समजावा. पातळ ड्रम लवकर तापतो व तडकू शकतो. मर्यादेत घासलेल्या ड्रममध्येही मूळ मापाचा शू नीट टेकतोच असे नाही. लायनरवर खडू घासून ड्रम बसवावा, हलका ब्रेक लावून चाक फिरवावे व पुन्हा उघडून पाहावे. खडू केवळ मध्यभागी पुसला गेला असेल तर शू मध्येच टेकत आहे. लायनर व ड्रम यांची वक्रता जुळविल्याशिवाय ब्रेक चांगला धरणार नाही.

शूंची अदलाबदल हीही नित्याची चूक आहे. काही रचनांत पुढील शूचे लायनर आखूड व मागील शूचे लांब असते. आपोआप समायोजन करणाऱ्या यंत्रणेत डावीकडील व उजवीकडील स्क्रूचे आटे परस्परविरुद्ध असतात. ते उलट बसल्यास प्रत्येक समायोजनागणिक अंतर कमी होण्याऐवजी वाढत जाते. यास्तव एका वेळी एकच चाक खोलावे. दुसरे चाक नमुना म्हणून समोर राहते. हाताने समायोजन करावयाच्या जुन्या रचनेत चाक अडकेपर्यंत कॅम फिरवून मग ते मोकळे फिरेल इतका मागे घ्यावा. पायाच्या ब्रेकचे समायोजन आधी व हँडब्रेकचे नंतर, हा क्रम कधीही उलटू नये. केबल ताणून शू आधीच बाहेर ढकलले गेले, तर त्यानंतरचे प्रत्येक माप चुकते.

ड्रममधील काळी पूड तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या मुलांकडे हे काम सोपविले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

ब्रेक ऑइलविषयी थोडेसे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ही क्रिया जलद होते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. ‘डॉट ४’साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. घाटात तेल उकळून वाफ झाली की पायपट्टी एकदम खाली जाते. सुमारे दोन वर्षांनी ऑइल बदलावे, उघड्या राहिलेल्या डब्यातील वापरू नये, आणि इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये, कारण त्याने सर्व रबरे फुगतात.

नोंदवहीचा उपयोग

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते व त्या वेळी ब्रेक तपासले जातात. परंतु तपासणीच्या दिवशी ब्रेक चांगला असणे आणि तो वर्षभर टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासकीय कार्यालयांच्या गाड्यांची दुरुस्ती नोंदवही या दृष्टीने उपयोगी साधन आहे, मात्र ती केवळ बिल मंजूर करण्यापुरती पाहिली जाते. एकाच वाहनाच्या एकाच चाकावर वर्षात दोनदा लायनर बदलल्याची नोंद असेल, तर तिसरे बिल मंजूर करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एवढेच विचारावे: ड्रममध्ये कोणते तेल सापडले, आणि ब्रीदर पाहिला काय? खाजगी मालकानेही एका साध्या वहीत तारीख, किलोमीटर, कोणते चाक आणि काय आढळले, हे चार रकाने ठेवावेत.

दुरुस्ती संपल्यावर चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर आवळावेत. एका बाजूने क्रमाने आवळल्यास ड्रम तिरका बसू शकतो. नंतर इंजिन चालू ठेवून पायपट्टी जोराने दाबून धरावी आणि सहकाऱ्याने प्रत्येक सांधा पाहावा. प्रथम रिकाम्या गाडीने सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर कमी वेगात आठ-दहा वेळा थांबून पाहावे. नवे लायनर ड्रमशी जुळेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नये. पाचशे किलोमीटर झाल्यावर समायोजन पुन्हा तपासावे व त्या वेळी दोन्ही मागील चाकांच्या आतील बाजूस, प्लेटच्या खालच्या कडेवर, बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले तर दुरुस्ती पुरी झाली. ओले निघाले तर वाटीभर पाणी घेऊन पुन्हा पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करावी.